विलासचा बेस

चैत्र लागला की आमच्या साताऱ्यातल्या घराची स्वयंपाकघरातली काच वाजायला लागते. घरामागं थोड्या अंतरावर मैदान आहे. जत्रेच्या आधी तिथं मांडव पडतो आणि ऐन दुपारी कुणीतरी स्पीकर लावून बघतं. "हॅलो, चेक, चेक" एवढं होतं, मग गाणं लागतं. पण त्या गाण्यातलं फारसं काही माझ्यापर्यंत पोचत नाही. शब्द वाऱ्यावर किल्ल्याच्या अंगाला निघून जातात, गाणारीचा आवाज वाटेतल्या गच्च्यांवर विरतो. पोचतो तो फक्त खालचा, जाड, घुमणारा स्वर. तो हवेतून येतो असं वाटतच नाही, जमिनीखालून चालत आल्यासारखा येतो आणि काचेला हात लावतो.

परवा असाच आला. मी चपात्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं आणि तव्यावरची चपाती करपली. मला सांगलीतला तो चैत्र आठवला, ज्या चैत्रात हाच स्वर घरात यावा म्हणून आम्ही तीन शहाणीसुरती माणसं एका काळ्या खोक्यापुढं मांडी घालून बसलो होतो.

विलास माझा धाकटा भाऊ. सांगलीत एका हळदीच्या अडत्याकडं तो कामाला होता, आणि माघ सरला की जत्रांच्या हंगामात एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. कडेगाव, विटा, पाटण, पार खंडाळ्यापर्यंत त्यांच्या सुपाऱ्या असत. त्याच्या गिटारच्या मानेवर, पट्ट्यांच्या कडेला बारीक पिवळी रेघ बसलेली असायची. कितीही पुसली तरी हळद काही तिथून गेली नाही. चार जाडजूड तारांचं ते वाद्य त्यानं कधी कसं उचललं, घरात कुणाला कळलं नाही. आई होती तेव्हा तिला फार प्रश्न पडायचा. ती म्हणायची, "सगळे वाजवत्यात ते ऐकू येतंय. तुझा आवाज त्यात कुठला रं?"

"मी थांबलो की कळंल तुला," तो म्हणायचा.

एकदा कडेगावच्या जत्रेत ती पहिल्या रांगेत बसली होती, तेव्हा भर गाण्यात त्यानं तिच्याकडं बघून दोन्ही हात वर केले. क्षणभरच. आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "अगं बाई, गाणं पोकळ झालं की." तो वरून हसत होता. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं.

त्या वर्षी पौषात, सकाळी मार्केट यार्डात कामाला जाताना चौकातल्या गाड्यावर त्यानं चहा मागितला. मागितला म्हणजे त्याला वाटलं की मागितला. तोंडातून भलतंच काहीतरी आलं. गाडेवाला हसला. विलासनं परत सांगितलं, परत भलतंच. मग ग्लास उचलायला उजवा हात पुढं केला, तो गेलाच नाही. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली होती. जीव वाचला, पायही पुढं हळूहळू सुधारला. उजवा हात आणि शब्द मात्र गेले.

शब्द गेले म्हणजे तो मुका झाला असं नव्हे, हे समजायला मलाच वेळ लागला. त्याला सगळं कळायचं. काय म्हणायचंय तेही आत तयार असायचं. पण पाणी मागायला जावं आणि तोंडातून "चावी" यावी, तसं व्हायचं. आपण चुकीचं बोललो हेही त्याला लगेच कळायचं, आणि ते सगळ्यात वाईट. सलीमला, म्हणजे त्यांच्या ऑर्केस्ट्राच्या ढोलकी-ड्रमवाल्याला, तो "तांदूळ" म्हणायला लागला होता. सलीम मिरजेचा, विलासचा शाळेपासूनचा दोस्त. तो दारातून आत येतानाच म्हणायचा, "आलो बगा तांदूळ." विलास हसायचा आणि हसता हसता डोळे पुसायचा.

आणि बायकोला, मनीषाला, तो काहीच म्हणत नव्हता. तिच्यासाठी चुकीचासुद्धा शब्द येत नव्हता. तिच्याकडं बघायचा, ओठ जुळवायचा आणि थांबायचा.

मनीषा एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. तिची रजा संपली होती. मी साताऱ्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. परीक्षा आटोपल्या, पेपर तपासून दिले आणि मी एसटीनं सांगली गाठली. दुपारी विलासजवळ कुणीतरी हवं होतं. कऱ्हाड मागं पडल्यावर खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता आणि मी मनात म्हणत होते, चल, निदान बसून तरी राहू त्याच्यापाशी. बसून राहण्यापलीकडं आपल्या हातात फारसं काही नसतं, हे मला तेव्हा पुरतं माहीत नव्हतं. सवय होती मला, समोर अडचण आली की फळ्यावर तिचे भाग पाडायची.

त्याला बोलायला शिकवायला एक बाई घरी यायच्या. तरुण होत्या, पण धीर दांडगा. त्या चित्रं दाखवायच्या, विलास चुकायचा, त्या पुढचं चित्र काढायच्या. एक दिवस त्यांनी त्याला ओळखीच्या गाण्याची ओळ गुणगुणून दाखवली आणि विलासनं पुढची अख्खी ओळ म्हटली. शब्दासकट. एकही शब्द इकडचा तिकडं नाही. मी ओट्यापाशी होते, हातातलं काम टाकून पुढं आले.

"असं होतं," बाई म्हणाल्या. "ज्यांचं बोलणं अडतं, त्यांचं गाणं अडत नाही कधी कधी. हे वाजवायचे ना काहीतरी? द्या त्यांच्या हातात."

मनीषानं माळ्यावरून गिटार काढली. विलासच्या मांडीवर ठेवली. उजवा हात नुसता वर पडून राहिला, पण डावा हात मानेवर गेला आणि बोटं आपोआप जागेवर बसली. मग त्यानं एक गोष्ट केली. डाव्या हाताचं बोट तारेवर जोरानं आपटलं. छेडायला दुसरा हात नसला तरी नुसत्या आपटण्यानं तार वाजते. पण किती, तर नखानं पाटीवर टिचकी मारावी एवढीच. टक्. टक्. टक्. त्याला त्यातला सूर ऐकू येत असेल, आम्हाला टिचक्याच ऐकू येत होत्या.

"आवाज मोठा करायचं काही नाही का याला?" बाईंनी विचारलं.

होतं की. जिन्याखाली, जुन्या चादरीखाली, मागच्या हंगामापासून ठेवलेलं. वर अ‍ॅम्प्लिफायर आणि खाली कमरेएवढा उंच, काळ्या कातडी कापडानं मढवलेला, पुढं जाळी असलेला स्पीकरचा बॉक्स. मी आणि मनीषानं तो ओढत बाहेर आणला. मागं कोळ्याची जाळी आणि हळदीचा वास. विलासनं डाव्या हातानंच वायर जोडली, बटण दाबलं. लाल दिवा लागला. बॉक्समधून घुंई असा बारीक आवाज यायला लागला. त्यानं बोट आपटलं.

त्या आवाजाचं काय सांगू. फरशी माझ्या तळव्यांना बोलली. फडताळातल्या वाट्या किणकिणल्या. विलासनं दुसरा स्वर काढला, तिसरा काढला, एकापुढं एक, पायरी उतरल्यासारखे. आजारपणानंतर पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. आणि चौथ्या की पाचव्या स्वराला बॉक्स घर्र करून चिरकला आणि आवाज बंद झाला. दिवा लागलेला. घुंई चालू. तार आपटली की काही नाही.

विलासनं माझ्याकडं बघितलं. मी विज्ञानाची बाई ना.

तेव्हापासून माझा सांगलीतला चैत्र त्या बॉक्ससमोर गेला. मी पद्धतशीर निघाले होते. मुलांना सांगते तेच स्वतःला सांगितलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी वायर बदलली. सलीमनं मिरजेहून त्याच्याकडची चांगली वायर आणली. दोन मिनिटं चाललं, बंद. मग गिटारचं भोक, जिथं पिन बसते ते, कापसानं पुसलं. बंद. मग प्लग दुसऱ्या खोलीत लावला, मग शेजारच्या पाटीलकाकूंच्या घरात. मला वाटलं होतं, उन्हाळ्यात विजेचा दाब कमी होतो, त्याचं असेल. काकूंनी टीव्ही बंद करून आम्हाला जागा दिली, आळीतल्या सगळ्या जणी बघायला जमल्या, आणि त्यांच्यासमोरही तो तसाच चिरकून बंद पडला. "आवं, लई जुना झाला असंल," काकू समजुतीनं म्हणाल्या. बॉक्सच्या वरच्या फळीवर हातानं थाप मारली की आवाज परत यायचा. कधी यायचा, कधी नाही. सलीम एकदा वैतागून म्हणाला, "अक्का, ह्यो माणसावानी रुसतोय. माणसाला निदान इच्यारता तरी येतंय, का रुसलास म्हणून."

मग आम्ही बॉक्सच उघडला. मागची फळी काढली. आत दोन मोठे स्पीकर, त्यांच्या कागदी शंकूंवर धूळ, आणि कुठूनशी आत पडलेली बुक्का लागलेली एक सुपारी. मला एक युक्ती माहीत होती. साधा टॉर्चचा सेल घ्यायचा आणि त्याच्या दोन टोकांना जोडलेल्या वायरी स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर लावायच्या. स्पीकर चांगला असेल तर त्याचा पडदा टप् करून पुढं येतो. पुस्तकात आम्ही त्याला विद्युत घट म्हणतो. सलीम म्हणाला, "घट बसवायचा काय अक्का? दसऱ्याला अजून येळ हाय." वरचा स्पीकर टप् झाला. खालचा कधी टप् झाला, कधी नाही. हात लावून बघितलं तर त्याच्याकडं जाणारी वायर जोडापाशी सैल होती. सुटलेली नाही, सुटल्यासारखी. मला इतका आनंद झाला की मी विलासचा गाल ओढला. सापडलं होतं. कारण होतं, ते दिसत होतं, त्याला बोट लावता येत होतं. सलीमनं सोल्डरिंग आयर्न तापवून डाग दिला, फळी बसवली.

त्या दिवशी उन्हं उतरताना विलास वाजवायला बसला. एकट्या डाव्या हातानं. मनीषा नुकतीच कामावरून आली होती, चहा टाकत होती. बॉक्स चालला. खूप वेळ चालला. त्यानं एक चाल धरली, फक्त तीन स्वरांची, खाली जाऊन वर येणारी, पुन्हा पुन्हा. त्याबरोबर तो आधी नुसता हुंकारत होता. मग हुंकाराला धार आली. मग त्या तीन स्वरांवर त्यानं तीन अक्षरं ठेवली.

"म… नी… षा."

मनीषा चिमटा हातात घेऊन दारात आली. तो परत म्हणाला, त्याच चालीत. तिसऱ्यांदा म्हणायला लागला आणि दोन अक्षरं झाली असतील, बॉक्स घर्र करून बंद पडला. विलासही बंद पडला. तोंड तसंच उघडं, "षा"च्या अलीकडं.

मनीषानं चिमटा खाली ठेवला आणि बॉक्सच्या डोक्यावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागली. मी तिला धरलं. "वन्सं, एकदा," ती म्हणत होती, "एकदा चालू करा की ओ." चहा उतू गेला होता. गॅसजवळ जाण्याचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्यानंतर तो बॉक्स आम्हाला दुरुस्तच करायचा होता. आधी तो वाजावा म्हणून करायचा होता, आता त्या नावासाठी. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बॉक्सवाचून काही अडत नाही, टाळीवर म्हणायला लावा, मांडीवर ताल धरा." आम्ही टाळ्या वाजवल्या, मांड्या थोपटल्या. मनीषा स्वतःचं नाव त्याच चालीत गाऊन दाखवायची. मी बघितलंय तिला, नवऱ्यापुढं बसून स्वतःच्याच नावानं हाका मारताना. विलास तिच्या तोंडाकडं बघायचा, ओठ जुळवायचा, आणि थांबायचा.

आम्ही बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर रिक्षात घालून मेकॅनिककडं नेलं. मारुती चौकाच्या आतल्या बाजूला त्याचं दुकान होतं. भला माणूस. त्यानं टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर चालू केला, त्याला एक गाणं जोडलं आणि दिवसभर चालू ठेवला. संध्याकाळी आम्ही गेलो तर तो गातच होता. "चालतंय की ताई," तो म्हणाला. "दुरुस्त काय करू?" मी म्हटलं, घरी बंद पडतो. त्यानं उघडून बघितला, दोनतीन ठिकाणी नवे डाग दिले, आतली धूळ उडवली. बॉक्सही तपासला, पडदा बोटांनी हळू दाबून कान लावला, कुठं घासत नाही म्हणाला. "खराब असला तर खराब दिसला पायजे. मग मला त्याचं काहीतरी करता येतंय. दिसतच न्हाई तर मी तरी काय करू, सांगा."

घरी आणला. तीन स्वर. घर्र. बंद.

माझ्या हायस्कुलातल्या सगळ्या वर्षांत मी मुलांना एकच सांगत आले, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. अजून सांगते. पण तेव्हापासून त्याच्यापुढचं वाक्य मी घाईनं म्हणत नाही. कारण असतंच. ते आपल्याला सापडेलच असं कुठं कुणी लिहून दिलेलं नाही.

विलासला काहीतरी माहीत होतं. हे मी खात्रीनं सांगते. त्या बॉक्सबरोबर त्यानं एवढे हंगाम काढले होते, त्याची खोड त्याला ठाऊक असणार. आम्ही उघडझाप करत असलो की तो बाजूला खुर्चीवर अस्वस्थ व्हायचा, डावा हात हलवायचा आणि म्हणायचा, "पोतं."

"पोतं?" सलीम विचारायचा.

"पोतं, पोतं." मग मान जोरानं नकारार्थी हलवायची. हा तो शब्द नव्हे, हेही त्याला कळत होतं. पण त्याच्यापाशी तोच होता.

आम्ही बॉक्सखाली पोतं घातलं. फरशीची थरथर बसत असेल म्हणून. नाही. वरून पोतं टाकलं. नाही. मनीषानं ते ओलं करून मागं लावलं, तापत असेल म्हणून. विलासनं कपाळावर हात मारून घेतला. मी त्याच्यापुढं चित्रं ठेवली, वायर, पिन, फ्यूज, पंखा. बोट ठेव म्हटलं. त्यानं एकदा पिनेवर ठेवलं, एकदा पंख्यावर, मग सगळ्या चित्रांवर तळहात आपटला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्याच्या पाठीकडं बघत मी बसून राहिले. उत्तर माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, माझ्या भावाच्या डोक्यात, आणि तिथवर जायला वाट नव्हती. पुढं पुष्कळ दिवसांनी, तो थोडंफार बोलायला लागल्यावर, मी त्याला विचारलं, "ते पोतं म्हणजे काय म्हणत होतास रं?" त्यानं आठवून बघितलं. मग म्हणाला, "काय की."

जत्रांचा जोर वाढला. सलीमला आता रोज यायला जमत नव्हतं. तरी एका मोकळ्या दुपारी तो ऑर्केस्ट्राचा दुसरा बॉक्स टेंपोत घालून घेऊन आला. चांगला, नवा, न कुरकुरणारा. आम्हाला कुणालाच हे आधी सुचलं नव्हतं असं नाही. पण त्या बॉक्सला हंगामात उसंत नव्हती. मनीषानं त्या दिवशी दवाखान्यातून लवकर सुट्टी घेतली. केस विंचरले, साडी बदलली. आम्ही सगळे कशासाठी बसलो होतो ते सगळ्यांना माहीत होतं.

विलासनं वायर जोडली. स्वर काढले. बॉक्स खणखणीत चालला. त्यानं तीच तीन स्वरांची चाल धरली. हुंकारला. मनीषा समोर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तो वाजवत राहिला, ओठ जुळवत राहिला. कुठंही बंद पडलं नाही, कुठंही खरखर नाही, आणि नाव काही आलं नाही. सलीम टेंपोच्या वेळेपर्यंत थांबला, मग हळूच उठला, वायर काढली, गुंडाळली.

तोपर्यंत आमच्याकडं दोष द्यायला एक वस्तू होती. सलीम तो चांगला बॉक्स उचलून गेला तेव्हा तीही गेली.

मनीषा आत जाऊन भाजी निवडायला बसली. मी तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी खरंच म्हणाले होते ना? तुमीबी ऐकलंत ना?"

"ऐकलं," मी म्हटलं. "सगळ्यांनी ऐकलं."

"मग झालं," ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या मोडत राहिली.

चैत्र सरत आला तेव्हा कडेगावची जत्रा आली. सलीमच म्हणाला, विलासला आणू या, समोर बसवू. मला भीती वाटत होती. पण विलासनं सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून ठेवला होता. आम्ही दिवस मावळायच्या आत पोचलो. उसाच्या रानांवरून वारा येत होता. गावातली माणसं ओळख देत होती, विलास डावा हात वर करत होता. स्टेजवर त्याच्या जागी प्रशांत नावाचा विट्याकडचा माणूस उभा होता. दिवसा रसवंती चालवायचा, बोटं चांगली होती त्याची. विलासला बघून तो खाली आला, पाया पडला आणि अवघडून परत वर गेला.

विलास आयुष्यात पहिल्यांदा आपल्या ऑर्केस्ट्राच्या पुढ्यात बसला होता. आई बसायची त्या बाजूला. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मी गाणं ऐकत नव्हते, त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो काही वेळ नुसता ऐकत राहिला. मग माझ्याकडं वाकला आणि अगदी साध्या आवाजात, जसा पूर्वी बोलायचा तसा म्हणाला, "जास्त हाय."

"काय?"

त्यानं स्टेजवरच्या बेसच्या बॉक्सकडं बोट केलं. "जास्त हाय, अक्का."

आजारपणानंतर त्यानं मला पहिल्यांदा अक्का म्हटलं होतं. मी उठून स्टेजपाशी गेले आणि खालून सलीमला खूण केली. बेसचा आवाज थोडा उतरला. गाणं नीट बसलं. विलासनं मान हलवली. मला वाटलं होतं तो रडेल, किंवा उठून जाईल. तो गाणी संपेपर्यंत बसला आणि प्रशांत चांगला वाजवायला लागला की त्याचा डावा हात मांडीवर त्याच्याबरोबर चालायचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं जिन्याखाली बोट दाखवलं आणि म्हणाला, "त्याला." मनीषाला वाटलं साफ करायचंय. नव्हतं. बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर, वायरी, सगळं प्रशांतला द्यायचं होतं. आम्ही सांगून बघितलं, अरे तो बिघडलेला आहे, त्याला देऊन काय उपयोग. त्यानं ऐकलं नाही. सलीम टेंपो घेऊन आला. प्रशांतला मी सगळं खरं सांगितलं, कुठं कुठं काय बघून झालंय तेही. तो म्हणाला, "असू दे ताई. त्यांनी दिलाय न्हवं. बगतो मी."

आता विलासला बरंच बोलता येतं. छोटी वाक्यं, मध्ये थांबे. मनीषाला तो "मनी" म्हणतो. तो शब्द पावसाळ्यात कधीतरी आला, सकाळी चहा मागताना, ना सूर ना ताल. मनीषानं फोनवर मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, वाटाण्याची उसळ केली हे सांगावं तसा.  उजवा हात अजून तसाच आहे. यार्डात तो वजनकाट्यापाशी बसतो आणि माल बघतो. हळकुंड हातात घेऊन मोडलं की हळदीचा भाव त्याला कळतो, त्याला डावा हात पुरतो.

पण त्या उन्हाळ्यात, मी साताऱ्याला परत निघायच्या आदल्या दुपारी, सलीमचा फोन आला होता. तो पाटणच्या बाजूला होता, मागं माणसांची गजबज ऐकू येत होती. इकडचं तिकडचं बोलून झालं. 

"अक्का, विल्याला सांगायचं का नगं ते तुमी बगा. त्यो बॉक्स लावलाय प्रशांतनं. समद्या जत्रंत त्याच्यावरच वाजवतोय. एकदाबी बंद पडला न्हाई ओ."

"कशानं दुरुस्त झाला?"

"कायबी केलं न्हाई त्यानं. नुसता लावला. चालतोय."

फोन ठेवून मी बाहेरच्या खोलीत आले. विलास खिडकीपाशी खुर्चीवर बसला होता, व्यायामाचा मऊ चेंडू उजव्या हातात धरून. मनीषा जमिनीवर तांदूळ निवडत होती. त्यानं मला बघितलं आणि भुवया उंचावल्या, कुणाचा फोन. मला खोटं सुचलं नाही.

"सलीमचा. तुझा बॉक्स चालतोय म्हणाला. सगळ्या जत्रेत. एकदाही बंद पडला नाही."

मनीषाचा हात सुपात थांबला. बाहेर कुल्फीवाल्याची घंटा गेली. विलास माझ्याकडं बघत होता, मग खिडकीबाहेर बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. इतके दिवस शेजारी बसूनही नाही.

"बरं झालं," तो म्हणाला.

आणि हातातला चेंडू दाबायला लागला. चेंडू दबत नव्हता. तो दाबत राहिला.